बोगनवेल आणि ओझ्याचे जनावर

आमच्या सोसायटीच्या कुंपणावर बोगनवेल भर उन्हाळ्यात फुलते. जवळ जाऊन पाहिले तर कळते की ज्यांना आपण फुले म्हणतो ती रंगीत पाने आहेत आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली चिमुकली पांढरट नळी. वेलीला नाव मिळाले ते बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे. त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेवर असलेल्या फिलिबेर कॉमेर्सों या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये रिओ दि जानेरो येथे तिची नोंद केली. त्या सफरीत त्याच्या पायाची जखम पुन्हा पुन्हा चिघळत होती आणि चढउतारांवर सोबतीला होता त्याचा नोकर 'झाँ'. हा नोकर म्हणजे फ्रान्समधील बर्गंडीच्या खेड्यात १७४० मध्ये जन्मलेली, पूर्वी त्याचे घर सांभाळणारी झान बारे.

नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना बंदी असल्याने तिने पुरुषवेष घेतला, ही गोष्ट हल्ली बरीच सांगितली जाते. मला मात्र या सांगण्याचाच कंटाळा आला आहे, कारण वेषांतराच्या आणि 'पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री' या बिरुदाच्या कौतुकात तिचे काम मागे पडते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील बर्फाळ डोंगरांवर शिधा, शस्त्रे आणि वनस्पतींच्या वह्या तिनेच वाहिल्या, असे स्वतः बूगँव्हिलने लिहून ठेवले आहे आणि या ताकदीमुळे कॉमेर्सों तिला आपले 'ओझ्याचे जनावर' म्हणत असे, हेही. (हे कौतुकाने म्हटले असेल, तरी शब्द तोच.) शिवाय ज्याने कधी हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, पाने वाळवली असतील त्याला ठाऊक असते की खुडणे हा कामाचा सोपा भाग, पुढे कागदांत दाबणे, ओल धरलेले कागद बदलत राहणे आणि बुरशीवर डोळा ठेवणे हे रोजचे, आणि तेही खाऱ्या, दमट हवेच्या जहाजावर. कॉमेर्सोंच्या नावावर जमा असलेल्या हजारो नमुन्यांमागे या हातांचा वाटा किती, हे एकाही चिठ्ठीवर लिहिलेले नाही. सफरीचे वृत्तांत पुरुषांनी लिहिले. तिचा स्वतःचा नाही.

१७६८ मध्ये तिचे बिंग फुटले. कॉमेर्सोंबरोबर ती मॉरिशसला उतरली, १७७३ मध्ये तो तेथेच वारला, पुढच्या वर्षी तिने एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केले आणि मग मायदेशी परतून प्रदक्षिणा पूर्ण केली. १७८५ मध्ये सरकारने तिला 'असामान्य स्त्री' म्हणत वर्षाला २०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) निवृत्तिवेतन दिले. सरकारला जे दिसले ते शास्त्राला दिसायला बराच वेळ लागला, असे मला वाटते. कॉमेर्सोंने कडुनिंबाच्या कुळातील एका प्रजातीला तिच्या नावावरून 'बारेतिया' म्हटले होते, पण ते नाव टिकले नाही. आज त्या वनस्पती 'तुरेया' म्हणून ओळखल्या जातात. तिचे नाव एका जातीला पुन्हा मिळाले ते २०१२ मध्ये, 'सोलॅनम बारेतिए' या वांग्या-बटाट्याच्या गोतातील वनस्पतीला; ती वाढते इक्वेडोर आणि पेरूच्या डोंगरांत, जिथे झान कधी पोचलीच नव्हती.