फोटो क्र. ७

आज सोसायटीच्या ग्रुपवर जे झालं त्यानंतर झोप येणं शक्य नाही, म्हणून लिहितेय.

पुढच्या आठवड्यात, आमची जुनी बिल्डिंग पाडून बांधलेल्या नव्या टॉवरच्या लॉबीत पूजा आहे. कुणीतरी सुचवलं, जुन्या बिल्डिंगचा मोठा फोटो फ्रेम करून लावू. मला इतका आनंद झाला! १८ बिऱ्हाडांनी अल्बम उपसले. मुंजी, हळदीकुंकू, गच्चीवरची कोजागिरी, हार घातलेली नवी स्कूटर. आणि बिल्डिंग? कुणाच्या खांद्यामागे गॅलरीचा अर्धा कठडा, कुणाच्या डोक्यावर जिन्याची सिमेंटची जाळी. ४८ वर्षं राहिलो तिथे, पण समोरून, पायापासून गच्चीपर्यंत पूर्ण दिसेल असा एक फोटो कुणाकडे नाही.

एक आहे, माझ्याकडे. स्ट्रक्चरल ऑडिटच्या रिपोर्टमधला फोटो क्र. ७. ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट करावंच लागतं, तेव्हा आलेल्या मुलाने रस्त्यापलीकडे उभं राहून काढलेला. कॉलमच्या तड्यांवर लाल बाण आहेत. आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर दोन्ही हात टेकून आई उभी आहे, हा कोण आमच्या घराचे फोटो काढतोय अशा नजरेने खाली बघत.

मी तो ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "ताई, लाल खुणा आहेत, शुभकार्याला बरं दिसत नाही." मग ठरलं काय, तर बिल्डरच्या ब्रोशरमधला टॉवरचा फोटो लावायचा. टॉवरच्या लॉबीत टॉवरचाच फोटो! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

मी २२ वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केलंय, हे फोटो कसे निघतात ते मला माहीत आहे. संध्याकाळचं निळं आभाळ, सगळ्या खिडक्यांत दिवे, वाइड लेन्सने हॉलएवढी झालेली बेडरूम आणि माणूस एकही नाही. दोरीवरचा टॉवेलसुद्धा शूटच्या आधी काढायला लावतात, मी स्वतः काढलेत. फ्लॅट विकायला ते लागतं, मान्य. पण आपण काय लक्षात ठेवायचं हे विकणाऱ्याने का ठरवायचं?

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये रुंद रस्त्यांसाठी जुन्या गल्ल्या पाडायच्या होत्या, तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनीच शार्ल मारव्हिल या फोटोग्राफरला त्यांचे फोटो काढायला लावलं. गल्ल्या-रस्त्यांचे सुमारे ४२५ फोटो आहेत. पाडणाऱ्यांनीच काढून ठेवले म्हणून ते जुनं पॅरिस आज दिसतं. तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागायचा, चालती माणसं नीट यायचीच नाहीत, म्हणून त्या गल्ल्या ओस वाटतात. आमची बिल्डिंगही पाडायच्या कागदातच उरली. पण आमच्या फोटोत आई आहे.

तीच असती तर मला गप्प बस म्हणाली असती, हेही खरं. तिचे गुडघे त्या जिन्याने खाल्ले. पावसाळ्यात पलंगाभोवती बादल्या असायच्या. लिफ्ट हवीच होती. नव्या घराची चावी मिळायच्या आधी, भाड्याच्या घरातच गेली ती.

ठाण्यात मासुंदा, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतनचे फोटो हवे तेवढे मिळतील. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी इथे आली, हे पोरांनाही पाठ असतं. पण नौपाडा, चरई, खारकर आळीतल्या तीन मजली बिल्डिंगा, मोझॅकच्या झिजलेल्या पायऱ्या, जिन्याखालची मीटरची पेटी, नावांच्या पाट्या? माझं ठाणं तेच होतं. दर पावसाळ्याआधी त्यातलं थोडं पत्र्यांमागे जातं आणि परत दिसत नाही.

मोबाइल आहे ना सगळ्यांकडे? मग सी-१ची, म्हणजे अतिधोकादायक इमारतीची, नोटीस चिकटायच्या आधी फोटो काढून ठेवा. खालून मान वर करून नको, बिल्डिंग मागे कलल्यासारखी येते. समोरच्यांच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जा, मोबाइल सरळ धरा, उभ्या रेषा उभ्या येऊ द्या. सकाळच्या तिरक्या उन्हात भिंतीचे पोपडेसुद्धा दिसतात. आणि कृपा करून दोरीवरचे कपडे काढू नका.

मघाशी रागात लिहिलं. ज्यांनी नको म्हटलं, त्याच वहिनींनी आईच्या आजारपणात दोन महिने डबा पाठवलाय. त्यांच्यावर राग नाही. फोटोवरून मात्र मी मागे हटणार नाही.

त्या ऑडिटच्या मुलाला आईने नंतर वर बोलावून चहा दिला होता. कप हातात देताना विचारलं, "अजून किती वर्षं आहेत रे?" तो काही बोलला नाही. बशीत बघत चहा प्यायला आणि गेला.

उद्या मोठा प्रिंट काढायला देतेय, लाल बाणांसकट. लॉबीत नाही तर माझ्या दाराशेजारी लावेन. मागच्या जिन्याचा फोटो मात्र कुणाकडेच नाही. मागच्या गल्लीतल्या कुणी कधी आपल्या खिडकीतून काही काढलं असेल आणि त्यात आमचा जिना चुकून आला असेल, तर पाठवा.