नोर्डलिंगेनच्या भिंतींतले हिरे: खरं काय?

‘जर्मनीतलं नोर्डलिंगेन ज्वालामुखीच्या तोंडात वसलंय, तिथल्या भिंती खरवडल्या की हिरे मिळतात’ असा मेसेज फिरतोय. हिरे आहेत, पण सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक. दागिन्यांच्या कामाचे नाहीतच. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला, त्या दाबाने ग्रॅफाइटचे हिरे झाले. ज्वालामुखीचा समज मात्र जुना. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारं खनिज सापडलं. एवढ्या दाबाचं खनिज ज्वालामुखीच्या उद्रेकात तयार होत नाही. आपल्या लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणत. सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच मनोरा याच आघातातून बनलेल्या, सुएव्हाइट नावाच्या दगडाचा आहे: करडा, मधूनमधून काळपट काचेचे तुकडे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाचशे वर्षं जुन्या भिंती कुणी हिऱ्यांच्या आशेने खरवडायला नकोत.