झांग युनहे यांची अपुरी ओळख

तुमच्या लेखात झांग युनहे (१९०९–२००२) म्हणजे पिनयिनचे (चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीचे) शिल्पकार झोऊ योउग्वांग यांच्या पत्नी, एवढंच आलंय. हे फार अपुरं आहे. १९५६ साली साहित्याचे अभ्यासक यू पिंगबो यांच्या अध्यक्षतेखाली बीजिंगमध्ये हौशी गायकांचं कुनछू (जुनं चिनी संगीतनाट्य) मंडळ निघालं. युनहे त्यात सुरुवातीपासून होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. युनहे यांच्या कुनछू दैनंदिनीला, म्हणजे मंडळाच्या कामाच्या नोंदींना, मोल का? गोंगछ या पारंपरिक चिनी स्वरलेखनात शब्दांशेजारी स्वर नि तालखुणा असतात, पण बऱ्याच हरकती लिहिलेल्याच नसतात. शिवाय प्रत्येक अक्षराचा आरंभ, मध्य आणि शेवट सुटा गायचा. शेवट घाईत मिटला की शब्दच कळत नाही. हे गुरूसमोर बसूनच येतं. त्यामुळे मंडळाच्या कामाच्या अशा नोंदी अभ्यासकाला स्वरलेखनाच्या पोथीइतक्याच लागतात. लेखात या दैनंदिनीचा उल्लेख जरूर घाला.