डोंगरीला टाकतील

आमच्या गिरगावच्या चाळीचा ग्रुप आहे. चाळ पडली, टॉवर झाला, निम्मे लोक विरार-डोंबिवलीला गेले, पण ग्रुप जोरात. परवा कुणाच्या तरी सोसायटीतली पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची, केस निघाली आणि मेसेजचा पाऊस. अर्धे म्हणे फाशी द्या, उरलेले म्हणे तक्रारच नको, ती बाल कल्याण समिती मध्ये पडते आणि पोरीला उचलून डोंगरीला, म्हणजे तिथल्या रिमांड होममध्ये टाकते.

डोंगरी! पाढे चुकले तरी आजी हीच धमकी द्यायची.

मी इकडे यूकेत, नुकतीच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आले होते, बोटं गारठलेली, तरी टाइप करत बसले. अहो, समिती म्हणजे पोलीस नाही. एक अध्यक्ष नि चार सदस्य, आणि पोलिसांनी त्यांना 24 तासांत कळवायचंच असतं. आईबाप पाठीशी असले तर पोरगी घरीच राहते. त्रास देणारा त्याच घरातला असला किंवा आईबापच पाठीशी नसले, की समितीने तीन दिवसांत ठरवायचं तिला तिथून काढायचं का, आणि तेही तिचं म्हणणं ऐकून. घरच्यांची तयारी असेल तर सपोर्ट पर्सन मिळतो, म्हणजे जबाब, हॉस्पिटल, कोर्ट सगळीकडे बरोबर येणारं एक माणूस. समितीच्या जागा रिकाम्या राहतात, ते माणूस कागदावरच राहतं, मान्य. मग त्यावर भांडा ना! फाशी तर 2019 पासून पोक्सोत आहेच, पण फाशीवाल्यांपैकी एकानेही विचारलं नाही की सोमवारी त्या पोरीला शाळेत कोण सोडणार.

2024 ला बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले ते मला कळतं, पोलिसांनी तक्रार घ्यायलाच वेळ काढला होता. हे ग्रुपवरचं नाही कळत.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी लिहिलं की इकडे मंडळाच्या गणपतीत पोरांचा नाच बसवायचा तरी डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या रेकॉर्डची तपासणी, लागतं, आणि फसले. लगेच एक दादा, "तुमच्या रॉदरहॅमचं काय?" आता काय बोलणार, इंग्लंडातलं ते गाव, 1997 ते 2013, किमान 1400 मुलांचं लैंगिक शोषण, आणि कौन्सिलला नि पोलिसांना कळूनही वर्षानुवर्षं ढिम्म. मी म्हटलं, निदान 2014 ला अहवाल तरी आला. जसा काही मीच लिहिला होता.

"तिकडे बसून शिकवू नकोस," दादा म्हणाला. राग आला, कारण खरं होतं, पण त्याला वाटतं त्या कारणाने नाही.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काका होते. त्यांच्याकडे पेपर आणायला एकटीने जायचं नाही हे आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं, कुणी शिकवलं आठवत नाही, मोठ्या मुलींनी असेल. आयांना माहीत होतं का? असणारच, नाहीतर पेपर आणायला कायम भावांनाच का पाठवायच्या. माझ्या लग्नात ते आले, पाकीट दिलं, मी वाकून नमस्कार केला. दरवर्षी सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना जपण्याचं, ऑनलाइन ट्रेनिंग करते तेव्हा "तुम्हाला शंका आली तर काय कराल" या प्रश्नावर बरोबर खूण करते, शंभर टक्के मार्क.

दादाला हे लिहायला घेतलं होतं. त्या काकांची सून ग्रुपवर आहे, रोज सकाळी तीच सगळ्यांना सुप्रभात टाकते. मी खोडलं आणि हात जोडलेला इमोजी पाठवला.