राणी सुरैयाच्या बुरख्याने राज्य गेलं नाही

“अफगाणिस्तानच्या राणीने बुरखा फेकला, लॉरेन्सने टोळ्या पेटवल्या आणि राजा एका रात्रीत युरोपात पळाला. बायकांना मोकळीक दिली की राज्य बुडतं.” हा मजकूर सध्या फिरतोय. (यातला राजा म्हणजे सुरैयाचे पती अमानुल्ला आणि लॉरेन्स म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी.) भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

बुरख्यापासूनच सुरुवात करू. राणी सुरैयाने जाहीरपणे बुरखा काढला तो ऑक्टोबर 1928 मध्ये. अमानुल्लांविरुद्धचं पहिलं मोठं बंड खोस्तमध्ये 1924 सालीच झालं होतं. त्यात मुल्ला पुढे होते आणि अमानुल्लांच्या नव्या कौटुंबिक कायद्याचा रागही होता, हे मान्य. राणीचे युरोपातले फोटो टोळ्यांमध्ये वाटले गेले, तेही खरं. पण फोटो पाहून माणूस चिडतो. घरदार सोडून राजधानीवर चालून जायला त्याहून मोठं काहीतरी लागतं.

ते सैन्यभरतीत सापडतं. जुन्या ‘हश्त नफरी’ पद्धतीत आठ पुरुषांमागे एक शिपाई द्यायचा. कोणाला पाठवायचं ते टोळीतले मोठे ठरवत, खर्च उरलेले सात जण उचलत. अमानुल्लांनी ओळखपत्रं काढली आणि चिठ्ठ्या टाकून भरती सुरू केली. मलिकाच्या, म्हणजे टोळीप्रमुखाच्या, हातातली निवड गेली. त्याच्या मुलाचंही नाव चिठ्ठीत आलं. 1928 च्या लोया जिर्ग्यात, म्हणजे देशभरातल्या प्रमुखांच्या मोठ्या सभेत, लष्करी नोकरीची मुदत दोनाची तीन वर्षं झाली. शिवाय शेतसारा धान्याऐवजी रोखीत भरायचा, म्हणजे सुगीत सगळ्यांनी एकदम धान्य विकायचं आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. हे सगळं ज्या फौजेच्या जोरावर राबवायचं, तिलाच पगार पुरत नव्हता.

1928 च्या नोव्हेंबरात पूर्वेला जलालाबादकडे शिनवारी टोळीने बंड केलं. फौज तिकडे गेली, काबूल उघडं पडलं आणि 14 डिसेंबरला उत्तरेकडून भिश्त्याचा मुलगा हबीबुल्ला कलाकानी राजधानीवर आला. कित्येक शिपाई लढलेच नाहीत.

अमेरिकी अभ्यासक लिऑन पुलाडा यांनी 1973 मध्ये अमानुल्लांच्या राजवटीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: मूळ दुखणं टोळ्यांची स्वायत्तता आणि दुबळं लष्कर, सामाजिक सुधारणा दुय्यम. बंडखोरांना शांत करायला जानेवारी 1929 मध्ये राजाने मुलींच्या शाळा बंद केल्या, तुर्कस्तानात शिकायला गेलेल्या मुलींना परत बोलावलं. तरी बंड थांबलं नाही, कारण तोवर कलाकानीला गादी दिसू लागली होती.

लॉरेन्सचं एवढंच खरं, की तो तेव्हा ‘शॉ’ या नावाने ब्रिटिश हवाई दलात, अफगाण सरहद्दीजवळच्या मीरानशाहला होता. बंड त्याने घडवल्याचा पुरावा नाही. अफवा इतक्या वाढल्या की जानेवारी 1929 मध्ये त्याला मुंबईहून बोटीने परत पाठवलं. उलट ब्रिटिशांनी काबूलमधून विमानांनी 586 माणसं बाहेर काढली आणि पुढे काबूल घेतलेल्या कलाकानीच्या राजवटीला मान्यता दिली नाही.

आणि “एका रात्रीत युरोपात”? 14 जानेवारीला भावाकडे गादी सोपवून अमानुल्ला कंदाहारला गेले. तिथे त्यांनी राजत्याग मागे घेतला आणि काबूलच्या वाटेवरच्या गझनीच्या दिशेने फौज घेऊन निघाले. ती मोहीम फसल्यावर मे महिन्यात त्यांनी चमनजवळ ब्रिटिश हिंदुस्थानची सरहद्द ओलांडली. तिथून मुंबई. सुरैया तेव्हा गरोदर होत्या; मुलगी मुंबईतच जन्मली आणि तिचं नाव त्यांनी इंडिया ठेवलं. इटलीला जाणारी बोट त्यांनी त्यानंतर धरली.