आईंच्या अक्कलदाढेबद्दल तुम्ही लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलेला रिव्ह्यू मी आणि दवाखान्यातल्या सगळ्यांनी वाचला. आईंची खालची अक्कलदाढ आमच्याकडे शस्त्रक्रिया करून काढली आणि पुढचे चार-पाच दिवस घरात सगळ्यांनाच जड गेले, हे त्यातून कळतं. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: पहिल्या रात्री रक्त थांबेना, तिसऱ्या दिवशी गाल दुपटीने सुजला, चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला, अँटीबायोटिक न दिल्यामुळेच हे सगळं झालं, आणि "दाढ काढली, हातात कागद दिला, पुढे तुमचं तुम्ही बघा". रुग्णाच्या फाइलमधलं काहीही मी इथे उघड लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलं आहे तेवढंच धरून उत्तर देतो.

उत्तर लांब होणार आहे, आणि त्याला कारण तुमच्याच रिव्ह्यूतली एक ओळ आहे: "दवाखान्यात भाऊ गेला होता, रात्रभर जागले मी." असं घरोघरी होतं. सूचना ऐकणारा एक असतो आणि उशाशी बसणारा दुसरा. आम्ही बरोबर आलेल्या माणसाला सगळं वाचून दाखवतो, मराठीत छापलेला कागदही देतो, पण तो कागद खिशात राहिला की रात्री दोन वाजता त्याचा उपयोग शून्य. दाढ काढायला फार तर तासभर लागतो. जखम भरते ती घरी, आणि पहिले काही दिवस ती जागणाऱ्या माणसाच्या हातात असते. म्हणून हे तुमच्यासाठी, आणि तुमच्यासारख्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकासाठी लिहितो आहे.

आधी रक्ताचं. घरी पोचताच आजींनी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, लाल पाणी दिसत राहिलं म्हणून आई पुन्हा पुन्हा चूळ भरत राहिल्या, असं तुम्ही लिहिलं आहे. आजींनी सांगितलेला उपाय खराच आहे, आम्हीही तोच सांगतो. पण २४ तास उलटल्यावर. दाढ निघाल्यावर जो खड्डा राहतो त्यात रक्त साकळून एक गोळा बनतो. गुडघा फुटल्यावर येणाऱ्या खपलीचं जे काम, तेच त्याचं. खालचं हाड आणि तिथल्या नसा तो झाकून ठेवतो आणि नवीन पेशी त्याच्याच आधाराने वाढतात. पहिल्या दिवशी तो अगदी कच्चा असतो. जोरात चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉने ओढून काही प्यायलं, विडी-सिगारेटचा झुरका घेतला, की तो हलतो आणि रक्त पुन्हा सुरू होतं. मग रक्त दिसलं म्हणून माणूस आणखी चूळ भरतो. हे चक्र तोडायला एकच गोष्ट लागते: दाब.

स्वच्छ गॉझची जाड घडी करायची, पाण्याने किंचित ओली करायची, बरोबर जखमेवर ठेवायची आणि दात घट्ट मिटून अर्धा तास बसून राहायचं. मध्ये उघडून बघायचं नाही. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. दर पाच मिनिटांनी "थांबलं का" म्हणून बोळा काढला की त्याला चिकटून आलेली गुठळीही निघते. गॉझ नसेल तर काळ्या चहाची डिपडिपची पिशवी भिजवून, गार करून चालते, कारण चहातलं टॅनिन रक्त साकळायला मदत करतं. सुटा कापूस नको, त्याचे धागे जखमेत अडकतात. डोकं दोन उशांवर उंच ठेवायचं आणि लाळ थुंकण्याऐवजी ओठांतून अलगद गळू द्यायची. पहिला दिवसभर लाळ गुलाबी दिसते, सकाळी उशीवर डाग असतो. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी ते वाटीभर भासतं, त्यामुळे घाबरायला होतं हे मला मान्य आहे. पण अर्धा तास न उघडता दाब देऊनही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी "आज दाढ काढायची आहे" म्हणून ती चुकवू नये. वाढलेल्या बीपीने रक्त जास्त वेळ येतं. रक्त पातळ ठेवण्याची गोळीसुद्धा हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करायची नाही, मात्र ती चालू आहे हे आम्हाला आधी सांगायचं.

आता सूज. आडवी अडकलेली दाढ काढताना हिरडी उघडावी लागते, थोडं हाड कापावं लागतं, बऱ्याचदा दाढेचे तुकडे करावे लागतात. त्यानंतर येणारी सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढत जाते आणि मग उतरायला लागते. म्हणजे तिसऱ्या दिवशी चेहरा सगळ्यात वाईट दिसतो. नातेवाईक नेमके तेव्हाच बघायला येतात आणि "काहीतरी बिघडवलंय" असं म्हणून जातात. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, रुमालात गुंडाळून, १५-२० मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. दोन दिवसांनंतर कोमट शेक. तोंड नीट न उघडणं हेही याच सुजेचं, कारण जवळचे चावण्याचे स्नायू आखडतात. आठवडा-दोन आठवड्यांत ते सैल होतात. खरी काळजी वेगळ्या सुजेची करायची: जी चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायच्या ऐवजी वाढते, तिच्याबरोबर ताप येतो, तोंडात पू किंवा घाण चव येते.

चौथ्या दिवसाच्या ठणक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुम्ही लिहिलं आहे की दुसऱ्या दिवशी आई बऱ्या होत्या, चौथ्या दिवशी कान, कानशील, अख्खा जबडा ठणकायला लागला, तोंडाला वास येत होता आणि गोळ्यांनी फरक पडेना. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खड्ड्यातली ती गुठळी सुटते किंवा विरघळते, हाड उघडं पडतं. खालच्या अक्कलदाढेच्या जागी हे इतर दातांपेक्षा बरंच जास्त होतं, शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही होतं, आणि तंबाखूने त्याची शक्यता वाढते. हा जंतुसंसर्ग नाही, म्हणून अँटीबायोटिकने तो ठणका जात नाही. तुम्ही शेजाऱ्यांकडच्या उरलेल्या गोळ्या आईंना दिल्यात, त्याने आराम पडला नाही, याचं कारण हेच. कृपा करून पुन्हा असं करू नका. दुसऱ्याच्या अर्धवट उरलेल्या कोर्समध्ये कोणती गोळी आहे, आईंना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, यातलं काहीच माहीत नसतं, आणि अशा अर्ध्यामुर्ध्या कोर्समुळे जंतू गोळ्यांना दाद देईनासे होतात.

अँटीबायोटिक मी कोणालाच देत नाही असं नाही. आधीपासून पू असेल, ताप असेल, साखर ताब्यात नसेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर देतो. इतरांना सरसकट पाच दिवसांचा कोर्स लिहून देणं मला पटत नाही, आणि रिव्ह्यूमुळे ते बदलणार नाही.

लवंगेच्या तेलाचा बोळा जखमेत ठेवल्याचंही तुम्ही लिहिलं आहे. लवंगेत युजेनॉल असतं, त्याने नस बधिर होते हे खरं. उघड्या पडलेल्या खड्ड्यात आम्ही जी औषधी पट्टी भरतो तिच्यातही ते असतं, पण मोजून. घरातलं तेल थेट उघड्या जखमेवर टाकलं तर आतली नाजूक त्वचा भाजते. हळद, तुरटी, दुखऱ्या जागी दाबून धरलेली ॲस्पिरिनची गोळी, यातलं काहीच खड्ड्यात घालायचं नाही. ॲस्पिरिनने तर हिरडी पांढरी पडून सोलवटते.

तुमच्या रिव्ह्यूतल्या मिश्रीबद्दल जपून लिहितो. वयस्कर बायकांना मिश्रीची सवय किती जुनी असते, सकाळी ती लावल्याशिवाय त्यांना कसं चैन पडत नाही, हे आपल्या कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पोचत नाही, आणि पूड खड्ड्यात जाऊन बसते. निदान हे दोन आठवडे आईंना तिच्यापासून लांब ठेवा. कायमची सुटली तर मला त्याचा आनंद दाढ नीट निघाल्यापेक्षा जास्त होईल, कारण तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आम्ही खुर्चीत बघतो.

तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न शेवटी होता: "पाचव्या दिवशी नेलं तेव्हा जखम धुऊन औषध भरलं, लगेच बरं वाटलं. मग हेच पहिल्या दिवशी का केलं नाही?" कारण पहिल्या दिवशी तिथे स्वतःची गुठळी असते आणि तिच्याहून चांगलं औषध आमच्याकडे नाही. ती असताना पट्टी भरली तर जखम भरायला उशीरच होतो. ती गेली आणि हाड उघडं पडलं, तरच पट्टी लागते. त्यासाठी दुखणं वाढल्या दिवशीच यायचं. गोळ्या बदलत घरी थांबायचं नाही. असं परत यावं लागल्यास वेगळे पैसे लागत नाहीत, टाके काढण्याचेही नाहीत.

पेनकिलरचं एक सांगणं फार महत्त्वाचं आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. त्यावर ताप किंवा अंगदुखी म्हणून आणखी पॅरासिटामॉल दिलं की मात्रा दुप्पट होते आणि भार यकृतावर येतो. पाकिटावरचं नाव वाचा. पहिली गोळी भूल उतरायच्या आत, काहीतरी खाऊन घ्यायची. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर गोळी आम्हाला विचारूनच.

खाण्याचं सोपं आहे: गार किंवा कोमट आणि मऊ. गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, दही, ताक, चमच्याने आइस्क्रीम. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा नको. चिवडा, शेंगदाणे, तिळाची चटणी आणि तांबडा रस्सा आठवडाभर बाजूला. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हळूच गुळणी. बाकीचे दात रोज घासायचेच.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाने वाचावं. गिळता येत नाही, श्वास घ्यायला जड जातं, जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज येऊन जीभ वर उचलली जाते, आवाज बदलतो, अशा वेळी माझा दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठून दम लागला तरीही तेच. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर आम्हाला त्याच दिवशी कळवा.

टाके काढायला आईंना आणाल तेव्हा जमलं तर तुम्ही स्वतः या, भावाबरोबर आलात तरी चालेल. चौथ्या दिवसानंतर त्यांना घरी जे जे दिलं त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी. ठणका त्याआधी परत लागला तर तारखेकडे बघू नका. कागदाच्या मागच्या बाजूला रात्रीचा नंबर आहे.