दिरहॅमचा भाव, फोनवरचा शब्द आणि परत आलेल्या नोटा : आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानास इंटरनेटवर एकच तारा देऊन लिहिले आहे की, दुबईला जाण्यापूर्वी घेतलेल्या ३,५०० दिरहॅमला आम्ही मोबाइलवर दिसणाऱ्या २३.३० ऐवजी २३.८५ रुपये भाव लावला, सकाळी फोनवर सांगितलेला २३.७५ चा भाव पाळला नाही, रोख रक्कम न घेता आपल्याला बँकेत पिटाळले, आणि परतल्यावर उरलेले ६४० दिरहॅम २२.७० ने घेऊन नाणी तर हातातही धरली नाहीत. या पाचही गोष्टी घडल्या आहेत, त्या नाकारण्याचा प्रश्नच नाही. त्यांपैकी एक सरळ आमची चूक आहे आणि एकीत आमच्या काउंटरचा हलगर्जीपणा आहे. आपण वापरलेला ‘लूट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोबाइलवर दिसतो तो बँकांच्या आपसांतील मोठ्या व्यवहारांमधील खरेदी आणि विक्री या दोन भावांचा मध्य असतो, आणि त्या भावाने हातात नोटा कोणीही देत नाही. आपण जालन्याचे आहात. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तुरीचा जो भाव फुटतो त्या भावाने किराणा दुकानात डाळ मिळत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. नोटा मुंबईहून मागवाव्या लागतात, त्यांचा विमा असतो आणि त्या तिजोरीत पडून असताना भाव उतरला तर तोटा आमचा असतो. आपण एकूण ८३,४७५ रुपये आणि त्यावर सुमारे १५० रुपये जीएसटी दिला. मोबाइलच्या भावाने हाच आकडा ८१,५५० होतो. म्हणजे फरक २,०७५ रुपयांचा, साधारण अडीच टक्के. हा फरक कमी असावा असे वाटणे रास्त आहे, पण तो मोजायचा असेल तर एका दुकानाच्या पूर्ण रकमेची तुलना दुसऱ्या दुकानाच्या पूर्ण रकमेशी, कर आणि इतर आकार धरून, त्याच दिवशी आणि त्याच तासाला करावी. केवळ भाव विचारला की कमी भाव सांगून वर सेवाशुल्क लावणाराच स्वस्त भासतो.

कार्ड वापरले असते तर बरे झाले असते, असेही आपण म्हणता. काही कार्डांच्या बाबतीत ते खरे आहे. मात्र बहुतेक साध्या बँक कार्डांवर परदेशातील खर्चासाठी साधारण २ ते ३.५ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. शिवाय आपणच लिहिल्याप्रमाणे मॉलमधील यंत्राने ‘रुपये की दिरहॅम’ असे विचारल्यावर आपण रुपये निवडले. तिथेच पैसे जास्त गेले, कारण रुपये निवडले की भाव ठरवण्याचा अधिकार त्या दुकानाच्या यंत्रणेकडे जातो. नेहमी तिथले स्थानिक चलनच निवडावे.

उमरा यात्रेसाठी मक्केला जाणारे आणि आखातात नोकरी करणारे यांच्यामुळे मराठवाड्यात सौदी रियाल आणि दिरहॅम यांची ये-जा बरी असते, म्हणून ते इथे घेणे परवडते. बँकॉकला जाणाऱ्यांना मात्र आम्ही स्वतःच सांगतो की, पहिल्या दिवसापुरते बाट घ्या आणि बाकी शंभराच्या कोऱ्या डॉलर नोटा न्या, त्यांना तिथे सुट्या डॉलरपेक्षा चांगला भाव मिळतो. यात आमचे गिऱ्हाईक थोडे कमी होते, तरी सांगतो.

रोख रकमेचा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. एका प्रवासासाठी घेतलेले परकीय चलन ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असेल, तर पैसे धनादेश, कार्ड किंवा खात्यामार्फतच द्यावे लागतात. दोन पावत्या करूनही त्यातून सुटका नाही. पण सकाळी फोन आला तेव्हाच आमच्या काउंटरवरील मुलाने हे सांगितले असते, तर आपण ६० किलोमीटर रोकड सांभाळत आला नसता. आणि आपण बँकेत गेलेल्या दोन तासांत भाव १० पैशांनी चढला, त्याचा भार आपल्यावर टाकणे ही तर आमची उघड चूक होती. आता फोनवर भाव सांगताना तो किती वाजेपर्यंत पक्का आहे हे सांगायचे आणि पैसे घेण्यापूर्वी करासह अंतिम रक्कम चिठ्ठीवर लिहून द्यायची, अशी पद्धत आम्ही सुरू केली आहे.

उरलेल्या दिरहॅमच्या बाबतीत भाव योग्यच होता. खरेदीचा आणि विक्रीचा भाव वेगळा असतो आणि त्या व्यवहारावर किमान ४५ रुपये कर लागतोच. खंत वेगळीच आहे. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन स्वतःजवळ ठेवता येते. ६४० दिरहॅम म्हणजे जेमतेम १७४ डॉलर. पुढच्या वर्षी पुन्हा मुलीकडे जाणार असल्याचे आपण काउंटरवर बोलला होता, तेव्हा ‘काका, या नोटा घरीच ठेवा’ असे कोणी म्हणायला हवे होते. नाणी मात्र आमच्याकडून पुढे कोणीही घेत नाही, त्यामुळे ती दुबईतच खर्च करून यावे लागते.

३,५०० दिरहॅमवरील १० पैशांच्या फरकाचे ३५० रुपये, ज्या खात्यातून आपण पैसे दिले त्याच खात्यात या आठवड्यात जमा करीत आहोत. त्यासाठी आपल्याला पुन्हा इथवर येण्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
दुकानमालक, छत्रपती संभाजीनगर